हेलिकॉप्टर उतरले, पण रुग्ण रस्त्यानेच गेला : असे का होते?

अनुस्वार (धागाकर्ता)

मागील महिन्यात महामार्गावरील एका अपघातामुळे थांबलेल्या वाहनांच्या रांगेत मी पाऊण तास उभा होतो. रुग्णवाहिका आधीच पोहोचली होती आणि तिचे कर्मचारी एका जखमी दुचाकीस्वारावर उपचार करत होते. थोड्या वेळाने रस्त्यालगतच्या मोकळ्या जमिनीवर हेलिकॉप्टर उतरले, पाठीवर मोठ्या बॅगा घेतलेले दोघे जण त्यातून बाहेर पडून रुग्णाकडे गेले आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे दुरून पाहणाऱ्याला काहीच हालचाल दिसली नाही. मग रुग्णवाहिका सायरन वाजवत रस्त्यानेच निघून गेली आणि तिच्या पाठोपाठ हेलिकॉप्टर रिकामेच उडाले.

हेलिकॉप्टरचा फेरा फुकट गेला, असे रांगेतील बहुतेकांचे मत पडले आणि त्या क्षणी मलाही तसेच वाटले. नंतर मात्र मनात आले की ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे ते पंचवीस मिनिटे उगाच घालवणार नाहीत. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे काही सदस्य येथे आहेत, म्हणून विचारतो. हेलिकॉप्टर कोणाच्या सांगण्यावरून येते, ते आल्यावर जमिनीवरील कर्मचाऱ्यांचे काम संपते की वाढते, आणि रुग्णाला आकाशातून न्यायचे की रस्त्याने, हे कोण ठरवते?

रात्रपाळी

मी चौदा वर्षे रुग्णवाहिकेवर आहे, पण चाकांच्या. त्यामुळे माझे उत्तर खालून वर पाहणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगतो.

हेलिकॉप्टर आले की आमचे काम वाढते, आणि ते वाढावे म्हणूनच आम्ही ते मागवतो. आमच्या गाडीवर आम्ही दोघे असतो. गाडी निघाली की त्यातला एक चालक होतो आणि मागे रुग्णापाशी एकच माणूस उरतो. शुद्ध हरपत चाललेला, ओकाऱ्या काढणारा, हातपाय झाडणारा रुग्ण एकट्याने सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. अशा वेळी ‘याला लवकर उचलून न्या’ असे आम्हाला म्हणायचे नसते; ‘आमच्याकडे जे नाही ते इथे आणा’ असे म्हणायचे असते. भूल देण्याची औषधे, रक्त, छातीत कोंडलेली हवा जागच्या जागी मोकळी करू शकणारे हात आणि असे रुग्ण वरचेवर पाहणारी नजर, हे सगळे त्या दोन बॅगांतून आणि त्या दोन माणसांसोबत येते. बऱ्याच ठिकाणी त्या दोघांत एक डॉक्टर असतो, तर काही देशांत विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिका आणि पॅरामेडिक अशी जोडी असते.

आता रस्त्याने का नेले, ते पाहू. समजा, योग्य रुग्णालय गाडीने अठरा मिनिटांवर आहे. हेलिकॉप्टर तेवढे अंतर पाच मिनिटांत कापेल, हे खरे. पण रुग्णाला रस्त्यावरून त्या मोकळ्या जमिनीपर्यंत ढकलत नेणे, हेलिकॉप्टरच्या स्ट्रेचरवर घेऊन पट्टे आवळणे, मॉनिटर आणि श्वासोच्छ्वासाचे यंत्र पुन्हा नीट अडकवणे, इंजिने चालू करणे, उतरल्यावर हेच सगळे उलट्या क्रमाने करणे आणि हेलिपॅड इमारतीपासून दूर असेल तर तेथून दुसऱ्या गाडीत घालणे, हे सारे धरले तर अठरा मिनिटांची गाडीच पुढे निघून जाते. शिवाय रुग्णाची प्रत्येक उचल-ठेव ही नळी निसटण्याची एक संधी असते. अंतर तासाभराचे असेल, मध्ये घाट असेल किंवा रस्ताच तुटलेला असेल, तर हिशेब साफ उलटतो.

बोलावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नियंत्रण कक्षच मूळ फोनवरील वर्णन ऐकून दोन्ही पथके एकाच वेळी पाठवतो. उंचावरून पडणे, गाडीतून बाहेर फेकले जाणे, गाडीत अडकून पडणे अशी वर्णने त्यासाठी ठरलेली असतात. लंडनच्या हवाई सेवेचा एक पॅरामेडिक तर शहराच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातच बसलेला असतो आणि येणाऱ्या कॉलमधून आपल्या पथकाची गरज कोणाला आहे, हे निवडतो. दुसरा मार्ग म्हणजे आम्ही पोहोचून रुग्ण पाहिल्यावर मागणी करणे. पहिल्या मार्गात वेळ वाचतो, पण पुष्कळदा आम्ही पोहोचून सांगतो की रुग्ण बोलतो आहे, चालतो आहे, परत जा. त्यात कोणालाही कमीपणा वाटण्याचे कारण नाही. नवीन मुले हेलिकॉप्टर रद्द करायला कचरतात आणि मागवायलाही कचरतात. दोन्ही भीती काढून टाकायला मला वैयक्तिकरीत्या तीन-चार वर्षे लागली.

अनुस्वार

रात्रपाळी, सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग त्या वीस-पंचवीस मिनिटांत नेमके काय चालले होते? दुरून तर सगळे जण नुसते वाकून उभे असल्यासारखे दिसत होते.

अर्धी जाग

मी भूलतज्ज्ञ आहे आणि काही वर्षे हेलिकॉप्टरवर काम केले आहे. आपण पाहिलेला रुग्ण मला माहीत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी काही सांगत नाही. परंतु डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत तेवढ्या वेळात सहसा जे घडते, ते सांगतो.

अशा रुग्णाचा मेंदू आधीच दुखावलेला असतो आणि त्यात ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तदाब घसरला तर ती इजा वाढते. रुग्ण बेशुद्ध आहे, जबडा आवळलेला आहे आणि घशात रक्त साचते आहे, म्हणून त्याला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची असते. शस्त्रक्रियागृहात हे रोजचेच काम आहे. रस्त्याच्या कडेला, उन्हात किंवा पावसात, गुडघ्यांवर बसून केले की त्याचे स्वरूप पालटते, कारण स्नायू ढिले करणारे औषध गेल्यावर साधारण मिनिटभरात रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि त्यानंतर नळी जाईपर्यंत त्याचा जीव आमच्या हातात असतो.

म्हणून आम्ही घाई करत नाही. रुग्णाला गाडीच्या अरुंद डब्यात ठेवण्याऐवजी ट्रॉलीवर, चारही बाजूंनी हात पोहोचेल अशा जागी आणवतो. तो ऑक्सिजनवर असतानाच एका चटईवर सगळी साधने ठरलेल्या जागी मांडली जातात. मग माझा सहकारी छापील तक्ता मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक ओळीला कोणीतरी ‘आहे’ म्हणते. घशातले रक्त ओढून घेणारे यंत्र चालू आहे का, दुसरी सलाईनची सुई बसली आहे का, नळी गेली नाही तर पुढची पायरी कोणती आणि ती कोण करणार? या क्षणी जमिनीवरचा एक कर्मचारी रुग्णाच्या छातीच्या बाजूने दोन्ही हातांनी मान स्थिर धरून असतो, दुसरा मॉनिटरवरील ऑक्सिजनचा आकडा मोठ्याने सांगत असतो. नळी गेली की बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची लाट पडद्यावर उमटते आणि ती दिसेपर्यंत मी कोणाच्याही अभिनंदनाला उत्तर देत नाही. पुढे त्या वायूच्या दाबाचा आकडा साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा यांच्या दरम्यान राखायचा असतो.

आपल्याला जे ‘वाकून उभे असलेले’ लोक दिसले, त्यांतील निम्मे बहुधा जमिनीवरील पथकाचेच असावेत. आम्ही दोघे उतरतो तेव्हा रुग्णाचे नावही आम्हाला ठाऊक नसते. तो सापडला तेव्हा कसा होता, श्वास कधी बिघडला, हात-पाय दोन्ही बाजूंना हलत होते का, हे सगळे जमिनीवरच्या माणसाकडून साठ सेकंदांत ऐकायचे असते. एकदा औषध दिले की तो पुरावा पुसला जातो, म्हणून भूल देण्यापूर्वीची त्यांची नोंद पुढे मेंदूच्या शल्यविशारदाला सोन्यासारखी असते.

रात्रपाळी

अर्धी जाग, त्यात एक भर घालतो. हेलिकॉप्टर येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे आम्ही नुसते आभाळाकडे पाहत बसतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात वाहते रक्त थांबवणे, ऑक्सिजन लावणे, कपडे कापणे, कटीचे हाड मोडल्याचा संशय असेल तर तेथे पट्टा आवळणे आणि सुई बसवणे ही कामे तेवढ्यातच उरकावी लागतात. ट्रानेक्झॅमिक आम्लाचे इंजेक्शन बऱ्याच सेवांमध्ये आम्हालाच देता येते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-2’ या 40 देशांतील, 20,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीतून ते औषध रक्तस्रावातील मृत्यू कमी करते हे दिसले आणि दुखापतीनंतर तीन तासांच्या आत, जितके लवकर तितके ते उपयोगी, हेही समजले. अशा औषधासाठी हेलिकॉप्टरची वाट पाहणे हा निव्वळ आळस आहे.

जुनी वही

थोडा इतिहास येथे उपयोगी पडेल, कारण धागाकर्त्यांच्या मनातील गोंधळाचे मूळ मला त्यातच दिसते.

हेलिकॉप्टरने जखमींना हलवण्याची सुरुवात युद्धात झाली. एप्रिल 1944 मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलातून सिकोर्स्की बनावटीच्या लहानशा हेलिकॉप्टरने जखमी सैनिक एकेक करून बाहेर काढले गेले. 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात बेल-47 जातीची हेलिकॉप्टरे जखमींना बाहेरच्या बाजूला, घसरपट्ट्यांवर बांधलेल्या स्ट्रेचरवरून नेत असत. वाटेत उपचार अशक्य होते; सगळा भर वेगावर होता. व्हिएतनाम युद्धात ह्यूई जातीचे हेलिकॉप्टर आले, जखमी आत आला आणि त्याच्या शेजारी वैद्यकीय सैनिक बसू लागला. तीच कल्पना पुढे नागरी जीवनात आली. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या पोलिसांनी मार्च 1970 मध्ये अपघातग्रस्ताला हेलिकॉप्टरने नेले आणि 1972 मध्ये डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाने स्वतःची सेवा सुरू केली. या परंपरेत प्रश्न असतो, तो रुग्ण आणायचा कसा.

दुसरी परंपरा युरोपातली आहे. नोव्हेंबर 1970 मध्ये म्युनिक येथे ‘क्रिस्टोफ 1’ हे हेलिकॉप्टर सेवेत आले, आणि त्यामागचा विचार डॉक्टरला रुग्णापाशी पोहोचवण्याचा होता. रुग्ण नंतर गाडीने जातो की हवेतून, हा पुढचा निर्णय. लंडनमध्ये 1989 मध्ये सुरू झालेली सेवाही याच वळणाची असून तेथील बहुतेक रुग्ण डॉक्टरसह रस्त्यानेच रुग्णालयात जातात. रात्री तर ते पथक मोटारीने फिरते आणि काम तेच करते. अनुस्वार यांनी जे पाहिले ते दुसऱ्या परंपरेतले होते आणि रांगेतील लोक त्याला पहिल्या परंपरेची मोजपट्टी लावत होते.

हिशेबी

सर्व प्रतिसाद वाचले. सर्वांविषयी आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. अमेरिकेचे आर. ॲडम्स कौली यांनी रूढ केलेल्या ‘सुवर्ण तासा’चा उल्लेख या विषयात हमखास होतो, परंतु साठाव्या मिनिटाला काही विशेष घडते असा भक्कम पुरावा नाही. ज्याच्या पोटात रक्तस्राव होतो आहे त्याला पंधरा मिनिटेही पुष्कळ असतात आणि पायाचे हाड मोडलेल्याला तीन तासांनीही फारसा फरक पडत नाही. तेव्हा केवळ ‘तास’ म्हणून हेलिकॉप्टर उडवणे मला पटत नाही.

दुसरे, सुरक्षिततेचे. अमेरिकेत 2008 हे वर्ष या सेवेसाठी अत्यंत वाईट ठरले. तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाला 2009 च्या फेब्रुवारीत खास सुनावणी घ्यावी लागली आणि 2014 मध्ये विमान वाहतूक प्रशासनाने भूभागाचा इशारा देणारे यंत्र व उड्डाणापूर्वीचे जोखीम-मूल्यमापन बंधनकारक करणारे नियम आणले. तिसरे, पैशाचे. त्याच देशात हवाई रुग्णवाहिकेची बिले इतकी गाजली की जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने विमाधारकांना अशा अनपेक्षित बिलांपासून संरक्षण दिले. गंमत म्हणजे त्या कायद्यातून जमिनीवरची रुग्णवाहिका मात्र सुटली. याउलट ब्रिटनमध्ये या सेवा मोठ्या प्रमाणावर धर्मादाय देणग्यांवर चालतात. एवढे महाग साधन असताना तेच पैसे जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला दिले तर?

अर्धी जाग

हिशेबी, सुवर्ण तासाबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. पैशांच्या बाबतीत अर्धाच. जमिनीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला भूल देण्याचे प्रशिक्षण देता येईल, पण एकेकाच्या वाट्याला असा रुग्ण वर्षातून एखादाच येईल, आणि वर्षातून एकदा केलेले हे काम धोकादायक असते. दुर्मीळ कौशल्य थोड्या लोकांत साठवून ते मोठ्या प्रदेशात फिरवायचे, तर हेलिकॉप्टर हे त्याचे एक वाहन आहे. शहरात मोटारही चालते. सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा मात्र पूर्णपणे बरोबर आहे आणि त्यावर वैमानिकांनीच बोलावे.

पंखपुराण

मी निवृत्त वैमानिक. या कामातील एक रीत सांगतो, जी ऐकून लोकांना धक्का बसतो. अनेक सेवांमध्ये उड्डाण स्वीकारेपर्यंत वैमानिकाला रुग्णाविषयी काहीही सांगत नाहीत. ठिकाण, अंतर, हवामान एवढेच. लहान मूल आहे असे कळले की माणूस ढगांची उंची स्वतःच्या मनात वाढवून घेतो. विमानातील प्रत्येकाने ‘जाऊ’ म्हटले तरच जायचे आणि एकानेही ‘नको’ म्हटले तर परतायचे, कारण विचारायचे नाही, हाही नियम आहे. अशा वेळी जमिनीवरच्या पथकाला मनस्ताप होतो, हे मला मान्य आहे. पण हेलिकॉप्टर येणार नाही हे पाचव्या मिनिटाला कळणे, ते येता येता पडण्यापेक्षा बरे. म्हणून शहाणे पथक रुग्णवाहिकेचा बेत कधीच मोडत नाही. हेलिकॉप्टर निघाले तरी दुसरा मार्ग चालू ठेवते.

आता उतरण्याबद्दल. जागा निवडताना मी खालच्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबून असतो. दिवसा निदान तीस मीटर लांब-रुंद, सपाट, टणक जागा हवी. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तारा. वरून तार दिसतच नाही, खांब दिसतात; म्हणून ‘पश्चिमेला रस्त्याला समांतर वीजवाहिनी आहे’ हे एक वाक्य बिनतारी संचावर मिळाले तर मी त्या माणसाला जन्मभर विसरत नाही. वारा कोणत्या बाजूने आहे, जमीन उताराची आहे का, धूळ किती आहे, एवढे सांगावे. रात्री कृपा करून टॉर्च माझ्या दिशेने रोखू नये.

पात्यांखालून येणारा झोत किती जोराचा असतो, हे एकदा अनुभवल्याशिवाय पटत नाही. आणि उतरल्यावर कोणीही धावत येऊ नये. वैमानिकाशी नजरानजर होऊन त्याने खूण केल्यावर समोरून किंवा बाजूने यावे, शेपटीकडे कधीच जाऊ नये. उतार असेल तर खालच्या बाजूने यावे, कारण वरच्या बाजूला पाते आणि जमीन यांतील अंतर कमी झालेले असते. सलाईनची बाटली उंच धरून चालण्याची सवय येथे घातक ठरते.

रात्रपाळी

झोताबद्दलचा धडा मी पहिल्याच वर्षी शिकलो. रुग्णावर पांघरलेले चंदेरी फॉइलचे पांघरूण मी कडेने दाबायचे विसरलो होतो. हेलिकॉप्टर उतरू लागताच ते उडाले आणि सरळ पात्यांच्या दिशेने गेले; वैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर घेतले आणि आम्हाला आणखी चार मिनिटे वाट पाहावी लागली. मला कोणी रागावले नाही. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने फक्त पुढच्या वेळी मला त्या पांघरुणावर बसवले.

अनुस्वार

अजून एक शंका. हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णाला तर तातडीने हवेतून नेले पाहिजे, असे मला वाटत होते. पण अशा रुग्णाला सहसा हेलिकॉप्टरमध्ये घेत नाहीत, असे वाचले. ते का?

अर्धी जाग

कारण आत जागा नसते. बऱ्याच हेलिकॉप्टरांमध्ये मी रुग्णाच्या डोक्याशी आणि एका कुशीला असतो, त्याच्या पायांपर्यंत माझा हात पोहोचत नाही, आणि पट्ट्यात बांधलेल्या माणसाला छाती खोलवर दाबता येत नाही. छाती दाबणारे यंत्र जोडता आले तर गोष्ट वेगळी, पण एरवी हृदयक्रिया जमिनीवरच परत आणावी लागते. हेच तत्त्व सगळ्याला लागू आहे. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी असतो, त्यामुळे छातीतली हवा, नळीची जागा, रक्तस्राव यांचा निकाल उड्डाणाआधीच लावायचा. डोंगराळ भागात उंची बरीच वाढली तर कोंडलेली हवा प्रसरण पावते, म्हणून तेथे हे अधिकच काटेकोरपणे पाहावे लागते. भांबावून हातपाय झाडणाऱ्या रुग्णाला तर भूल न देता, जागे ठेवून नेणे वैमानिकासाठीही धोक्याचे असते.

नेण्याचा मार्ग ठरवण्याबद्दल तुम्ही पहिल्या प्रश्नात विचारले होते. वैद्यकीय निर्णय आमच्या पथकातील ज्येष्ठाचा असतो आणि उड्डाणाचा वैमानिकाचा. पण मी प्रत्येक वेळी रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारतो, ‘या वेळी तिथे पोहोचायला खरोखर किती मिनिटे लागतील?’ नकाशा सांगतो त्यापेक्षा त्याचे उत्तर अधिक खरे निघते. मग मी बॅग घेऊन त्याच्या गाडीत मागे चढतो, त्याचा सहकारी माझ्यासोबत बसतो, आणि हेलिकॉप्टर मला परत नेण्यासाठी रुग्णालयाकडे येते. तुम्ही पाहिलेले रिकामे हेलिकॉप्टर बहुधा याच कामाला निघाले असावे.

रात्रपाळी

आणि त्यानंतर आमच्या गाडीत यांची एखादी तरी वस्तू राहतेच. गेल्या आठवड्यात त्यांचा सक्शन पंप आमच्या बाकाखाली सापडला. पाळी संपल्यावर मी तो त्यांच्या तळावर नेऊन दिला, तेव्हा त्यांनी त्या रुग्णाची नळी निघाल्याचे आणि तो बोलू लागल्याचे सांगितले. एरवी आम्हाला हे कळायला मार्गच नसतो.